लग्नघरातल्या तीन बरण्या

वैशाखातल्या एका दुपारी माहेरून वहिनीचा फोन आला. "ताई, पोरीच्या तोंडाची आग होऊन रायली. गालावर लाल चट्टे हायेत, कपायावर बारीक फोड. लग्न आठ दिवसावर आलं. तुम्ही एकडाव येऊन जा ना."

माझं माहेर वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. घरची शेती कपाशी आणि तुरीची, थोडी संत्र्याची बाग. मी बी.फार्म. केलेलं आहे आणि सासरी औषधाचं दुकान चालवते, त्यामुळे घरात कुणाला खाज सुटली, पुरळ आलं की फोन मलाच येतो. त्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं गेले. पुढच्या दोन दिवसांत जे पाहिलं आणि विचारलं, ते वहीत उतरवून ठेवलं होतं. त्याच वहीवरून हे प्रकरण लिहिते आहे. हल्ली घरोघरी मोबाइलवर पाहून क्रीम, जेल, तेल करतात. उत्साह चांगलाच आहे. पण हातातली वस्तू नेमकं काय काम करते हे माहीत नसलं की काय होतं, ते मी या एका घरात एकाच वेळी पाहिलं.

ओसरीतल्या फळीवर तीन बरण्या होत्या. पहिलीत कोरफडीचं जेल, दुसरीत केसांचं तेल, तिसरीत उटण्याची कोरडी पूड. तिन्ही वहिनीनं केलेल्या, तिन्ही नवरीसाठी. दुकानातलं काही लावायचं नाही, सगळं घरचं आणि शुद्ध, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. त्यामागची माया मला दिसत होती, म्हणून तिला बोल लावायला जीभ उचलत नव्हती.

कुणी काय लावलं

आधी मी सगळं बंद करायला लावलं. जेल नाही, तेल नाही, उटणं नाही, साबण नाही. तोंड फक्त गार पाण्यानं धुवायचं आणि मऊ कापडानं टिपायचं. मग घरातल्या सगळ्या बायकांना बसवलं आणि एकेकीला विचारलं: कोणती बरणी, कितव्या दिवसापासून, कुठं लावली, लावून उन्हात गेलात का?

ही विचारपूस कंटाळवाणी वाटते, पण उत्तर तिथंच सापडतं. नवरीनं तिन्ही लावलं होतं, त्यामुळे तिच्या एकटीच्या चेहऱ्यावरून काहीच कळलं नसतं. धाकट्या वहिनीची आठवीतली मुलगी फक्त तेल लावायची. तिचे गाल स्वच्छ होते, पण केसांच्या कडेनं कपाळावर तांदळाच्या कण्यांएवढे फोड होते. लग्नासाठी आलेल्या वहिनीच्या मावशींनी फक्त जेल लावलं होतं. त्यांच्या कपाळावर काही नव्हतं, गालांची मात्र आग होत होती, आणि ती पहिल्याच रात्री सुरू झालेली. माझी आई फक्त उटणं लावायची, हातापायाला. तिला काहीच झालं नव्हतं.

म्हणजे नवरीच्या चेहऱ्यावर दोन वेगळी दुखणी एकत्र आली होती. गालांचं दुखणं जेलचं, कपाळाचं तेलाचं.

धाकट्या वहिनीनं तिन्हीपैकी काहीच लावलं नव्हतं आणि सगळ्यात वाईट अवस्था तिची होती. उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात फुटलेले फोड, आणि मनगटापासून कोपरापर्यंत तपकिरी ओघळ, कुणी काळा चहा हातावरून सांडावा तसे. सगळे म्हणत होते, तिला किडा चावला असेल. तिच्याकडे नंतर येते.

पहिली बरणी: जेल

कृती अशी होती: कोरफडीची सहा पानं धुऊन, काटे काढून, सालीसकट मिक्सरमधून काढायची. त्यात अर्धी वाटी गुलाबजल, दोन चमचे ग्लिसरीन, एक चमचा लिंबाचा रस आणि व्हिटॅमिन ईच्या चार गोळ्या फोडून टाकायच्या. बरणीत भरायचं. "महिनाभर टिकते" असं व्हिडिओत सांगितलं होतं.

कोरफडीचं पान कापलं की हिरव्या सालीच्या लगेच आतून पिवळा, कडू चीक येतो. त्याच्या आतला पारदर्शक गर वेगळा. आपल्याला हवा असतो तो गर. चिकात अ‍ॅलोइन नावाचं द्रव्य असतं. ते पोटात गेलं तर जुलाब होतात, आणि नाजूक कातडीवर आग होते, खाज सुटते. पान कापून पंधरा-वीस मिनिटं तिरपं उभं ठेवलं की चीक खाली निथळतो. मग पान धुवायचं, साल जाडसर काढायची आणि गर पुन्हा एकदा धुवायचा. सालीसकट मिक्सरमध्ये फिरवलं की सगळा चीक जेलात उतरतो. बरणीतलं जेल हिरवट पिवळं होतं, ते त्यामुळंच. वहिनीला तो रंग औषधी वाटला होता.

आग होते म्हणून नवरी दिवसातून पाच-पाच वेळा अंगाच्या साबणानं तोंड धूत होती. त्यानं आणखी बिघडलं. कातडीवर जो पातळ थर असतो तो किंचित आंबट असतो, साबण खारा, म्हणजे चुना-सोड्यासारखा, आंबटाच्या उलट. हे वहिनीला समजावताना मला शास्त्राची भाषा वापरावी लागली नाही, लग्नघरात हळद होतीच. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांना ओली हळद फासून वाळवली. एका पट्टीवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला, पट्टी लाल झाली. रिठ्याच्या पाण्याचा टाकला, पिवळीच राहिली. हळदीच्या साडीला साबण लावला की डाग लाल होतो हे प्रत्येक बाईनं पाहिलेलं असतं, आणि हळदीला चुना किंवा टाकणखार लावून कुंकू करतात हे आईला माहीत होतं. हळद अशा खाऱ्या गोष्टीला लालीनं उत्तर देते. दिवसातून एकदा साबण लावला तर निरोगी कातडी सावरून घेते. सोललेल्या गालावर पाच वेळा लावला तर कशी सावरणार?

आता जेलचं दुसरं दुखणं. बरणीच्या झाकणाला आतून काळे ठिपके आले होते, कडेला गुलाबी बुळबुळीत थर होता आणि वास आंबूस येत होता. जेल करून पाचच दिवस झाले होते.

"इटामिन टाकलं होतं ना मी, चार गोया! तरी कसं खराब झालं?" वहिनी म्हणाली.

इथं मला माझी चूक कबूल केली पाहिजे. वर्षभरापूर्वी तिनं मला फोनवर विचारलं होतं की व्हिटॅमिन ईनं टिकतं का, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना मी घाईत "हो, टिकतं" एवढंच बोलून गेले होते. काय टिकतं, ते सांगितलंच नाही.

व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून काही काळ वाचवतं. हवेतल्या ऑक्सिजनची आणि तेलाची जी झटापट चालते, तिच्यात ते मध्ये पडतं. बुरशी आणि जिवाणू मारणं हे त्याचं काम नाही, ते त्याला जमतही नाही. कोरफडीच्या गरात शंभरातले जवळजवळ नव्व्याण्णव भाग पाणी असतं, उरलेल्यात साखरेच्या जातीची द्रव्यं. पाणी, खाऊ आणि पंचेचाळीस अंशांचा वैशाख, जिवाणूंना याहून अधिक काय हवं? त्यात भारनियमनामुळं फ्रिज निम्मा दिवस बंद, आणि घरातली प्रत्येक बाई बरणीत बोट घालणार. ग्लिसरीन घट्ट असेपर्यंत स्वतः टिकतं, पण दोन चमचे ग्लिसरीन एवढ्या पाण्यात गेलं की त्याचा तो गुण उरत नाही. लिंबाचा एक चमचाही तिथं अपुरा.

दुकानातल्या क्रीममध्ये यासाठीच जंतुरोधक घालतात. मिश्रण आंबट ठेवून सोडियम बेन्झोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट, नाहीतर शंभर भागांत एका भागापर्यंत फिनॉक्सीइथेनॉल. या नावांना घाबरण्यासारखं काही नाही. पण ते घालायचे तर ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणारा काटा लागतो आणि आंबटपणा मोजायच्या पट्ट्या लागतात. बेन्झोएट आंबट मिश्रणातच चालतं. मिश्रण साधं किंवा खारं असेल तर घातलं काय नि न घातलं काय, सारखंच. चमच्यानं अंदाजे टाकण्याची ही वस्तू नाही. म्हणून मी वहिनीला स्पष्ट सांगितलं, पाणी असलेलं काहीही बरणीत भरून ठेवायचं नाही. पान तोडा, चीक निथळू द्या, गर काढा, त्याच वेळी लावा, उरलेला टाकून द्या. कोरफड दारात आहे, तिला बरणीत कोंडायची गरज काय?

नवरीला, म्हणजे माझ्या भाचीला, बाजारातल्या एका क्रीमच्या डबीवरची घटकांची यादी वाचायला लावली. पहिलाच शब्द "अ‍ॅक्वा", म्हणजे पाणी. जे सगळ्यात जास्त ते आधी, असा यादीचा क्रम असतो. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेल्या वस्तू शेवटी कशाही क्रमानं लिहिता येतात. म्हणजे डबीवर केशर आणि चंदनाचं चित्र असलं आणि यादीत त्यांची नावं शेपटाला असली, तर किती केशर आहे ते समजून घ्यावं. तिनं मग घरातल्या सगळ्या डब्या आणून वाचल्या. गुलाबजलाच्या बाटलीवर पाणी आणि सुगंध एवढंच लिहिलेलं निघालं, गुलाब नव्हताच.

दुसरी बरणी: तेल

याबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण ही चूक शिकलेली माणसंही करतात.

वहिनीनं लिटरभर जवसाचं तेल आणलं होतं. जवस आपल्या विदर्भाचं जुनं पीक, चटणीवर कच्चं तेल घेण्याची चव इथल्या माणसाला लहानपणापासून असते. व्हिडिओत सांगितलं होतं की जवसात ओमेगा-३ असतं, केसांना फार चांगलं. लोखंडी कढईत कडीपत्ता, जास्वंद, मेथी आणि कांदा घालून तेल कढवलं, पारदर्शक काचेच्या बरणीत भरलं आणि "उन्हात मुरू द्या" म्हटलं होतं म्हणून पंधरा दिवस खिडकीत ठेवलं.

बरणी उघडली तर वास नव्या रंगवलेल्या दारासारखा. तोंडाशी तेल वाळून चिकट पापुद्रा धरला होता. वहिनी म्हणाली, "मले वाटलं जडीबुटीचा वास असंन."

ओमेगा-३ म्हणून ज्याची तारीफ होते ते अल्फा-लिनोलेनिक आम्ल जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच असतं. खायला ते चांगलं, पण साठवायला तितकंच अवघड. या आम्लाच्या साखळीत तीन ठिकाणी सांधे मोकळे असतात, ऑक्सिजन तिथंच येऊन चिकटतो. उष्णता, उजेड आणि लोखंड ही तिन्ही त्या कामाला वेग देतात. वहिनीनं अजाणता तिन्ही पुरवली: कढवून उष्णता, खिडकीत ऊन, कढईचं लोखंड. आणि जिथं व्हिटॅमिन ईचा थोडाफार उपयोग झाला असता त्या बरणीत एकही गोळी नव्हती. चारही गोळ्या जेलात गेल्या होत्या. खवट तेल कातडीला टोचतं. त्यात वैशाखातला घाम, रात्रभर डोक्याला थापलेलं तेल, ते ओघळून कपाळावर उतरतं आणि केसांच्या मुळांची तोंडं बुजतात. दोन्ही मुलींना केसांच्या कडेलाच फोड आले होते, ते यामुळं.

ओली पानं हीही एक अडचण. ताजा कडीपत्ता आणि कांदा तेलात टाकला की त्यांच्यातलं पाणी तेलात येतं. पानं कुरकुरीत होऊन बुडबुडे थांबेपर्यंत कढवलं नाही तर तळाशी ओल राहते आणि तिथं बुरशी धरते. सावलीत वाळवलेली पानं घेतली तर ही भीती कमी.

मग कोणतं तेल घ्यावं? खोबरेलात बहुतेक सगळे सांधे बंद असतात, म्हणून ते महिनोन्‌महिने चांगलं राहतं. थंडीत गोठतं, एवढंच. तिळाच्या तेलात खवटपणा रोखणारी द्रव्यं मुळातच असतात, म्हणून जुन्या काळची बहुतेक औषधी तेलं तिळाच्या तेलात सिद्ध केलेली दिसतात. एरंडेल घट्ट, पण टिकाऊ. त्यात दोन-तीन पट खोबरेल मिसळलं की लावता येतं. करडईचं तेल खायला उत्तम, साठवणीत मात्र मध्यम. माझ्या मते केसांच्या तेलात जवस घालूच नये. जवस ताटात शोभतं.

आईनं इथं एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात घर करून बसली. तिच्या लहानपणी तेल्याकडून आठवड्याचं तेल आठवड्याला यायचं. जवसाचंही. "साठवाले होतंच कोनाजवळ? संपलं की आणाचं." वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव होते. तिथं झवेरभाई पटेलांनी बैलघाणीवर काम केलं आणि सुधारलेली घाणी वर्धा घाणी म्हणून ओळखली गेली. गावात घाणी फिरत होती तोवर तेल ताजंच मिळायचं. खवट होण्याआधी ते संपायचं, त्यामुळे टिकवण्याचा प्रश्न फारसा पडत नसे. जेलचंही तसंच आणि उटण्याचंही. आजीच्या कृतीत जे घटक होते तेच आज मोबाइलवर सांगतात. आजीकडे बरणी नव्हती, हा फरक सांगायचा राहून जातो. तिची कृती त्याच दिवशी लावायची होती. ती उचलून आपण महिनाभराच्या बरणीत भरतो आणि मग म्हणतो, घरगुती औषधं आता लागू पडत नाहीत.

लिंबाचे ओघळ

जेल केलं त्या सकाळी धाकट्या वहिनीनं पाहुण्यांच्या सरबतासाठी चाळीस-पन्नास लिंबं पिळली होती. त्यातलाच एक चमचा रस जेलात गेला. हात नुसता पाण्यातून काढून ती अकरा वाजता शेतात पऱ्हाट्या वेचायला गेली. दुपारी दोनपर्यंत ऊन अंगावर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाताची आग सुरू झाली, तिसऱ्या दिवशी फोड आले, आणि फोड बसल्यावर तपकिरी ओघळ उरले.

ओघळांचा आकारच सगळं सांगत होता. बोटांच्या बेचक्यात रस साचला, हात वर करून पिळताना मनगटावरून कोपराकडे वाहिला. किडा अशी रेघ ओढत नाही. कागदी लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमारिन जातीची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन पडलं की कातडी भाजते. ही अ‍ॅलर्जी नाही, रस आणि ऊन पुरेसं असेल तर कुणाच्याही हाताला हे होऊ शकतं. त्रास लगेच न होता दीड-दोन दिवसांनी होतो, म्हणून लिंबाची कुणाला आठवणच येत नाही. काळे डाग कित्येक आठवडे, कधी महिनेही राहतात. आर्वीच्या त्वचारोगतज्ज्ञांना आम्ही नवरीचे गाल आणि हा हात दोन्ही दाखवले. हात पाहताच त्यांनी पहिला प्रश्न लिंबाचाच विचारला.

चेहऱ्यावर लिंबू चोळा, डाग जातील, हा सल्ला आमच्या भागात सर्रास देतात. उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्या बाईला तो सल्ला देणं म्हणजे तिच्या तोंडावर नवे डाग उमटवणं. मला याची मनापासून चीड आहे. नवरीनं लिंबू घातलेलं जेल रात्री लावलं आणि ती दिवसा घराबाहेर पडली नाही, म्हणून तिच्यावर ती वेळ आली नाही.

ओघानं बिब्ब्याचंही सांगते. डॉक्टरांकडून परतलो तेव्हा शेजारच्या आजीबाई वहिनीच्या भेगाळलेल्या टाचांत बिब्बा गरम करून भरायला सांगत होत्या. बिब्बा उतला की काय होतं हे गावात प्रत्येकाला ठाऊक आहे, सूज, फोड, पाणी गळणं. आतली गोडंबी आपण खातो, पण टरफलातलं तेल कातडी जाळतं. झाडाचं आहे म्हणून ते सौम्य असतं असं नाही. टाचांना रात्री कोमट पाण्यात भिजवून एरंडेल आणि वर मोजे, एवढ्यानं पुष्कळ काम होतं.

तिसरी बरणी

मसुराचं पीठ, मुलतानी माती, नागरमोथा, वाळा, संत्र्याची वाळलेली साल, हळद. सगळं उन्हात कडकडीत वाळवून, दळून, वस्त्रगाळ केलेलं. या बरणीत पाणी नव्हतं आणि तेलही जवळपास नव्हतं, म्हणून ती बिघडली नाही. मी दोनच प्रश्न विचारले. साल कोणत्या झाडाची? घरच्याच मृग बहाराच्या संत्र्याची, आणि तोडणीच्या आधी बऱ्याच दिवसांत फवारणी नव्हती असं दादानं सांगितलं. बाजारातल्या संत्र्याची साल असती तर मी ती घालू दिली नसती, फवारा पहिल्यांदा सालीवरच बसतो. हळद कुठली? समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची, गाठी आणून घरी कुटलेली. वायगाव हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण मला मानांकनापेक्षा हे महत्त्वाचं वाटलं की गाठी डोळ्यांसमोर कुटल्या होत्या. सुट्या पुडीत रंगाची भेसळ निघते आणि लग्नात तीच हळद नवरीच्या सोललेल्या गालावर जाणार होती.

लग्नापर्यंतचे आठ दिवस

डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध सोडून चेहऱ्याला काही लावायचं नाही, असा नेम केला. मधल्या काळात एका नातेवाईक बाईंनी "आठ दिवसात गोरी करणारं" एक मलम आणून दिलं. डबीवरची नावं वाचली, त्यात स्टिरॉइड होतं. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात. लग्नसराईत ती नवरीच्या नावानं मागायला माझ्याही दुकानात माणसं येतात आणि मी त्यांना परत पाठवते. चार दिवस चेहरा उजळतो, आणि सोडल्यावर पुरळ, लाली, पातळ झालेली कातडी मागं राहते. ते मलम मी माझ्या पिशवीत टाकलं.

पाचव्या दिवशी गाल निवले. त्याच दिवशी हळदीची परीक्षा घेतली. हळद आणि दूध कालवून भाचीच्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली, रुपयाएवढा ठिपका लावला, अर्ध्या तासानं धुतला आणि दोन दिवस वाट पाहिली. काही वस्तूंचा त्रास उशिरा उमटतो, म्हणून चोवीस तासांवर विसंबू नये. हळदीच्या दिवशी हातापायाला, मानेला भरपूर हळद लागली. गालाला बायकांनी नुसतं बोट टेकवलं. भाची म्हणाली, "आत्या, फोटोत तेवढं दिसलं तरी पुरे." कपाळावरचे फोड तेल थांबवल्यावर हळूहळू बसत गेले, पण लग्नाच्या दिवशीही काही दिसत होते. बाशिंगाखाली झाकले गेले.

लग्नानंतर वहिनीच्या बचत गटातल्या बायकांनी उटणं विकायला काढायचं मनावर घेतलं. उटणं चांगलं आहे, मला आनंदच झाला. पण घरी लावणं वेगळं आणि विकणं वेगळं. सौंदर्यप्रसाधन बनवून विकायचं तर सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. पाकिटावर घटक, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि वापराची मुदत, पत्ता आणि परवाना क्रमांक छापावा लागतो. वर्ध्यात मगनवाडीतच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, तिथं जाऊन विचारा असं सांगितलं. त्या आषाढात जाऊन आल्या.

वहिनीच्या वहीत आता प्रत्येक कृतीपुढं वस्तूचं काम लिहिलेलं असतं. ग्लिसरीन: ओल धरून ठेवते. मुलतानी: तेल शोषते. रिठा: मळ काढते, डोळ्यात जाऊ देऊ नये, भिजवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी टाकावं. व्हिटॅमिन ई: फक्त तेलासाठी. बरण्यांवर चिकटपट्टी आणि तारीख. एकदा तिनं फोन करून विचारलं, कापूर कशाचं काम करते? वास आणि गारवा, मी म्हटलं, आणि लहान लेकराच्या तेलात तो अजिबात नको, त्यानं झटके येऊ शकतात. तेही तिनं लिहून घेतलं. धाकट्या वहिनीच्या हातावरचे ओघळ पोळ्याला बैलांना ओवाळतानाही फिकट दिसत होते.

जवसाचं लिटरभर तेल तसंच पडून होतं. टाकून द्यायला वहिनीचा जीव होईना, लावायला मी देईना. वाळून पापुद्रा धरणं हा जो दोष केसांना नडला, लाकडाला तोच हवा असतो. मृगाच्या आधी दादानं ते तिफणीला, वखराच्या दांड्याला आणि आईच्या खाटेच्या पायांना चोळलं. मी फक्त चिंध्यांवर नजर ठेवून होते. जवसाचं तेल प्यालेला सुती कपडा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर वाळताना स्वतःच तापतो आणि पेट घेऊ शकतो, आणि आमच्या घरात एका खोलीत भाव वाढायची वाट पाहत कापूस पडून होता. सगळ्या चिंध्या कुंपणाच्या तारेवर एकेक करून पसरल्या. दोन दिवसांत वाळून त्या पत्र्यासारख्या ताठ झाल्या.